लपवायचं किती, सांगायचं कधी?

पत्राचा सारांश: ठाण्यात कोपरीला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. नोकरी महापेला, रोजचा प्रवास ठाणे ते घणसोली ट्रान्सहार्बर लोकलने, आणि त्या प्रवासात मोबाइलवर कथालेखन. त्यांनी एक रहस्यकथा लिहिली आहे. चरईतल्या जुन्या सोसायटीत एकटा राहणारा, अविवाहित, हृदयविकाराच्या गोळ्या घेणारा मामा. पुनर्विकासाच्या कागदांवर सही न करणारा तो एकटाच. कथा सांगणारी 'मी' म्हणजे त्याची भाची. ती दर रविवारी येऊन घर आवरते, औषधांचा डबा लावून देते. मामा जातो, आणि शेवटच्या परिच्छेदात कळतं की गोळ्यांची पट्टी भाचीनेच बदलली होती. कथा झाली आहे ४,८०० शब्दांची. ज्या दिवाळी अंकाला पाठवायची आहे त्याची मर्यादा २,५०० शब्दांची, आणि मुदतीला पाच आठवडे उरले आहेत. नवऱ्याने अर्ध्यातच "भाचीच असणार" असं सांगून टाकलं, तर वाचनकट्ट्यावरच्या दोघींना शेवट कळलाच नाही. "आणखी लपवू? दोन संशयित वाढवू? शेवटी अजून एक कलाटणी देऊ? की रहस्यकथा हा माझा प्रांतच नाही?" असं त्या विचारतात.

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू या. पहिल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे: रहस्यकथा म्हणजे वाचकापासून काहीतरी दडवणं, आणि जितकं घट्ट दडवाल तितकी कथा चांगली. नव्याने लिहिणाऱ्या बहुतेकांची हीच समजूत असते. कथा फसते ती बहुधा तिच्यामुळेच.

तुमच्या यजमानांनी कसं ओळखलं ते बघा. कथेत मुख्य माणसं चार: मामा, भाची, सोसायटीचे सेक्रेटरी आणि फोनवरची आई. सेक्रेटरी दोनदा येऊन आरडाओरडा करतात. दोन-चार रहस्यकथा वाचलेल्या माणसाला ठाऊक असतं की इतका मोठ्याने ओरडणारा गुन्हेगार नसतो. आई डोंबिवलीत. मग उरलं कोण? अडीच हजार शब्दांत तीन-चार माणसंच नीट मावतात, त्यामुळे 'कोणी केलं?' हा प्रश्न तिथे वजाबाकीने सुटतो. दहा-बारा पात्रांच्या कादंबरीत तो टिकतो, लघुकथेत क्वचितच. आणि दोन संशयित वाढवायचे तर प्रत्येकाला हेतू हवा, संधी हवी, आणि शेवटी तो निर्दोष का याचा खुलासाही हवा. एकेकाला निदान तीनशे शब्द धरा. म्हणजे तुमच्या जागेचा चौथा हिस्सा अशा माणसांवर गेला, ज्यांच्याशी कथेला शेवटी कर्तव्यच नाही. तो मार्ग सोडून द्या.

दुसरं कारण तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही लिहिलं आहे: "मी आत गेले. माझ्या मनात एक विचार आला. तो मी कोणालाच सांगणार नव्हते." झाकण घातलेलं भांडं दिसलं की माणूस आधी तेच उघडून बघतो. इथे काही दडवलंय असं तुम्ही स्वतःच वाचकाला सांगितलंत, आणि त्या क्षणापासून तो मामाची काळजी करायची सोडून तुमच्यावर पाळत ठेवू लागला. शिवाय भाची जर 'मी' म्हणून मनातलं सगळं उघड करते, तर तेवढाच एक विचार का गाळते? वाचकाला ही लबाडी वाटते. शेवट न कळलेल्या त्या दोघी कदाचित तिथेच अडखळल्या असतील. ज्या मनात आपण इतका वेळ वावरलो, त्यात हे नव्हतंच, असं त्यांना वाटलं असणार.

आता तुमच्या कथेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट. बहुधा तुम्हाला तिची किंमत कळलेली नाही. मामाला मोतीबिंदूमुळे पट्टीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तो प्रत्येक पट्टीच्या मागे जाड पेनाने स्वतः वार घालतो: सो, मं, बु. भाची पट्टी बदलते तेव्हा नव्या पट्टीवर वार तिला घालावे लागतात. ती लिहिते 'सोम'. हा एक जादा 'म' तुम्ही शेवटच्या परिच्छेदात पुरावा म्हणून एका ओळीत उरकला आहे. अख्खी कथा या 'म'वर उभी राहू शकते.

गूढ, धक्का आणि उत्कंठा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काय घडलं ते वाचकाला माहीत नसतं तेव्हा गूढ. अनपेक्षित काही एकदम कळतं तेव्हा धक्का. आणि काय घडू घातलंय हे माहीत असूनही ते होईल की टळेल हे कळत नाही, तेव्हा उत्कंठा. धक्का ओळभर टिकतो आणि दुसऱ्या वाचनात उरत नाही. उत्कंठा पानंच्या पानं चालते, पण तिच्यासाठी वाचकाला आधी काहीतरी सांगावं लागतं. मामाच्या हातात चुकीची पट्टी आहे हे वाचकाला माहीत असेल, तर मामाने पाण्याचा तांब्या उचलणं हीसुद्धा घटना होते. माहीत नसेल, तर तो फक्त पाणी पितोय.

तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे 'मी' आणि शेवटचा धक्का दोन्ही ठेवायचे, पण खेळ सचोटीने खेळायचा. भाची खोटं बोलणार नाही, 'एक विचार आला' असंही म्हणणार नाही. जे केलं ते सांगेल, फक्त साध्या कामांच्या ओळीत:

"मामाचा डबा आवरला. संपलेल्या पट्ट्या केरात टाकल्या, नव्या लावल्या, त्याचा चष्मा पुसून ठेवला. साडेपाच होत आले होते. मामा तलावपाळीच्या फेरीसाठी चपला शोधत होता."

यात सगळं सांगितलेलं आहे. खूण तीन कामांच्या यादीत मधोमध बसवली आहे, कारण वाचकाच्या लक्षात यादीचं पहिलं आणि शेवटचं राहतं. तिच्या मागोमाग चपला आल्या, त्यामुळे नजर पुढे सरकली. शेवट कळल्यावर वाचक पाने उलटून इथे येतो आणि त्याला 'नव्या लावल्या' दिसतं. तो चिडत नाही, कारण सगळं त्याच्यासमोरच झालं होतं. अशी खूण तीनदा यावी. पहिल्यांदा वेगळ्याच कामासाठी (मामाचा काटेकोरपणा दाखवायला तो वार घालताना दिसतो), दुसऱ्यांदा अशी गर्दीत, तिसऱ्यांदा उघडी. एकदाच आली तर ती शेवटी आकाशातून पडल्यासारखी वाटते, चारदा आली तर कंटाळा येतो.

दुसरी वाट: 'मी' ठेवा, पण भाचीला लपवायला कारण द्या. ही तिची पोलिसांपुढची जबानी असेल, किंवा आईला लिहिलेलं पत्र. मग ती जे गाळते ते आईपासून गाळते, वाचकाशी लबाडी होत नाही. हा बांधा चांगला आहे, पण जबानीची भाषा सांभाळणं अवघड. जबानीत माणूस संध्याकाळच्या प्रकाशाचं वर्णन करत बसत नाही, आणि तुमची वर्णनं छान आहेत. ती सगळी जातील.

तिसरी वाट मला तुमच्या कथेसाठी सर्वांत योग्य वाटते. पट्टी बदलल्याचं पहिल्या चारशे शब्दांतच सांगून टाका. 'कोण?' संपलं. उरतं ते 'मामाच्या लक्षात येईल का?' आणि त्याहून बोचरं म्हणजे 'लक्षात आलं तर तो काय करेल?'. मामा भाचीला लहानपणी गावदेवी मैदानात सायकल शिकवणारा आहे, असं तुम्ही पहिल्या पानावर लिहिलं आहे. आत्ता तो तपशील नुसता सजावटीचा वाटतो. या मांडणीत तो छातीवर दगडासारखा बसेल. लपवण्याजोगं एकच ठेवा: मामाला किती कळलंय. ते भाचीलाही माहीत नाही, त्यामुळे लबाडीचा प्रश्नच येत नाही.

तो प्रसंग साधारण असा येईल:

मामाने पट्टी उलटी केली. खिडकीकडे वळून उजेडात धरली.
"काय झालं रे मामा?"
"काही नाही." त्याचा अंगठा पहिल्या वारावर थांबला होता. मग त्याने 'म'वरून तो सावकाश फिरवला, जसं कपड्यावरचा डाग जातोय का बघतात. शाई सुकलेली होती.
"पाणी देऊ?"
"दे."
मी तांब्या आणला. पट्टी त्याच्या हातात नव्हती. सदऱ्याच्या खिशाला एक चौकोनी उठाव आला होता.
"घेतलीस?"
"तू बस जरा," मामा म्हणाला.

इथे घड्याळात अर्धं मिनिट गेलं असेल आणि कागदावर साठएक शब्द. हाच मुद्दा आहे. तुमच्या मसुद्यात स्टेशनपासून चरईपर्यंतची वाट तीनशे शब्दांची आहे आणि मामा गोळी घेतो ते एका वाक्यात. उलटं करा. जिथे काही बिघडू शकत नाही तिथे धावा, जिथे बिघडू शकतं तिथे पावलं मोजा. वेग मंद करायचा म्हणजे विशेषणं वाढवायची नाहीत. छोट्या कृती एकेक करून दाखवायच्या: हात, वस्तू, प्रश्न, अपुरं उत्तर. 'काळजात धस्स झालं', 'अंगावर सर्रकन काटा आला' यांची इथे गरज पडत नाही. भाची घाबरली असं लिहिलं की घाबरण्याचं काम तिने केलं, वाचकाला काही उरलं नाही.

आता थोडं भाषेबद्दल, कारण मराठीत रहस्य लिहिताना क्रियापदं चहाडी करतात. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यात निवेदक पुरुष की बाई हे पहिल्या वाक्यातच कळतं. एखाद्या कथेत ते कळू द्यायचं नसेल तर सकर्मक भूतकाळ मदतीला येतो. 'मी दार उघडलं', 'मी पट्टी बदलली', 'मी कप ठेवला' यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्ता झाकलेला राहतो. पण 'म्हणालो-म्हणाले', 'बोललो-बोलले', 'विसरलो-विसरले' यांच्यापासून सावध राहा, ती फितूर होतात. त्यांच्या जागी 'विचारलं', 'सांगितलं', 'लक्षातून गेलं' चालतं. तृतीयपुरुषात 'कोणीतरी आलं होतं' हे नपुंसकलिंगी रूप अगदी सहज वाटतं. मात्र 'दार उघडलं गेलं' असली कर्मणी रचना ओढूनताणून वाटते आणि वाचक सावध होतो. तिच्यापेक्षा 'हाताने कडी काढली' बरं.

संबोधनंही खुणा म्हणून वापरता येतात. तुमची भाची मामाला 'तू' म्हणते, आपल्याकडे पुष्कळ घरांत मामाला अरे-तुरेच असतं. पट्टी बदलल्यानंतर एकदाच, चुकून, तिच्या तोंडून 'घेता ना गोळी?' असं 'तुम्ही'चं रूप येऊ द्या. मामा वर बघेल. याहून जास्त काही लिहायला नको. आणि 'म्हणे' हा लहानसा शब्द विसरू नका. 'मामा म्हणे दुपारभर झोपला होता' म्हणताना निवेदिकेने ते पाहिलेलं नाही, हे एका शब्दात सांगून होतं. दुसऱ्या वाचनात असे शब्द बोलू लागतात.

तपशिलांच्या काही चुका दुरुस्त कराव्या लागतील, कारण कथेचा हेतूच त्यांवर उभा आहे. सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. एकट्या मामाच्या नकाराने काम कायमचं अडत नाही, म्हणजे सही मिळवण्यासाठी त्याला मारण्याचं कारणच उरत नाही. मामाचं स्वतःच्या मालकीचं बैठं घर करा, प्रश्न सुटला. दुसरं, वारस. मामा अविवाहित, आईवडील नाहीत, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे अशा वेळी भाऊ-बहीण आधी येतात, भाची त्यांच्या मागे. तुमच्या कथेत भाचीची आई जिवंत आहे, म्हणजे घर आईला मिळेल, भाचीला नाही. एकतर आई हयात नको, किंवा मामाने भाचीच्या नावे मृत्युपत्र केलेलं हवं. (की भाची हे आईसाठीच करतेय? मग डोंबिवलीहून येणारा प्रत्येक फोन वेगळा ऐकू येईल. विचार करून बघा.) याच कायद्याच्या २५व्या कलमानुसार खून करणाऱ्याला त्या माणसाचा वारसा मिळत नाही. म्हणजे पकडली गेली तर भाचीच्या हातून तुरुंगाबाहेरचं सगळंच जातं. ही टांगती तलवार तुम्ही वापरलेलीच नाही.

कथा २०२५ मध्ये घडते आणि इन्स्पेक्टर 'तीनशे दोन लागेल' म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तीत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. जुन्या सवयीने एखादा हवालदार '३०२' म्हणेलही, पण कागदावर १०३ यायला हवं. आणि घरी मृत्यू झाला की पोलीस आपोआप येत नाहीत. आधी येतो नेहमीचा डॉक्टर. घरातल्या मृत्यूसाठी तो 'नमुना ४अ' मध्ये मृत्यूचं कारण लिहून देतो, त्यावर पुढची नोंद होते. त्याला शंका आली तरच तो सही नाकारतो, आणि मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. मामा जातो असाच शेवट ठेवणार असाल, तर डॉक्टरने पेनाचं टोपण काढून क्षणभर थांबणं हे इन्स्पेक्टरच्या दोन पानी चौकशीपेक्षा कितीतरी जास्त ताणतं. इन्स्पेक्टर काढून टाका. सहाशे शब्द तिथेच वाचतील.

बाकीचे सतराशे कुठून काढायचे? कागदावर तीन रकाने आखा: प्रसंग, वाचकाला काय माहीत, भाचीला काय माहीत. प्रत्येक प्रसंगासमोर एकेक ओळ लिहा. ज्या प्रसंगानंतर दोन्ही रकान्यांत काहीच बदलत नाही, तो जातो, मग त्यातलं वर्णन कितीही आवडतं असो. तुमच्या मसुद्यात सोसायटीची सभा, गाडीतला प्रवास आणि शेजारणीशी गप्पा हे तीन प्रसंग असे आहेत. प्रवासातलं एकच वाक्य ठेवा: मामाने सही केलेला कोरा कागद भाचीच्या पर्समध्ये आहे आणि गाडी रबाळ्याला उभी आहे. सेक्रेटरीही जाऊ देत, बैठं घर झालं की त्यांचं काम उरत नाही. मग माणसं राहतील मामा, भाची, फोनवरची आई आणि, मामा जातो असा शेवट ठेवलात तर, डॉक्टर.

शब्दांची वाटणी मला अशी दिसते: पहिले चारशे पट्टी बदलण्यापर्यंत, पुढचे सात-आठशे दोन रविवार आणि वाढती शंका, आठ-नऊशे शब्द फक्त त्या खोलीतल्या शेवटच्या दहा मिनिटांना, उरलेले नंतरचं (कथा खोलीतच संपवलीत तर तेही खोलीलाच). आकडे काटेकोर पाळायचे नाहीत, पण खोलीतल्या दहा मिनिटांना सगळ्यांत मोठा वाटा मिळालाच पाहिजे.

शेवटच्या जादा कलाटणीचा मोह टाळा. पहिल्या कलाटणीवर विश्वास नसला की दुसरी सुचते.

मसुदा झाला की यजमानांना दाखवू नका. त्यांना शेवट माहीत आहे, आता त्यांचं मत कामाचं नाही. कथा न वाचलेले तीन जण शोधा. त्यांना निम्मीच कथा द्या आणि "आवडली का?" असं विचारू नका. "पुढे काय होईल असं वाटतं?" एवढंच विचारा, आणि उत्तर ऐकताना खुलासा करू नका. तिघांचं उत्तर एकच आलं तर कथा सरळ रेषेत चालली आहे. कोणालाच काही सांगता आलं नाही तर तुम्ही प्रश्नच उभा केलेला नाही. दोघांत मतभेद होऊन ते वाद घालू लागले, तर बेत बरोबर जमलाय. मग पूर्ण कथा द्या आणि नजर कुठे सैल पडली तिथे पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. दोन रेघा एकाच जागी पडल्या की तिथे कात्री.

वाचनासाठी ठाण्यात चांगली सोय आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. दोन शनिवार काढून जुन्या दिवाळी अंकांतल्या दहा रहस्यकथा काढा. प्रत्येकीचं पहिलं पान वाचून थांबा, आणि लेखकाने कोणता प्रश्न पेरला ते एका वाक्यात वहीत लिहा. मग पुढे वाचून तो प्रश्न कोणत्या पानावर सुटला ते बाजूला टिपा. दहा कथांनंतर हा तुमचा प्रांत आहे की नाही, हे मला विचारायची गरज तुम्हाला पडणार नाही. पण ज्या बाईला पट्टीमागचे वार दिसले, तिने हा प्रश्न इतक्यात विचारू नये असं मला मनापासून वाटतं.

पाच आठवडे पुरेसे आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत नवा मसुदा, तिसऱ्यात तिघांकडून वाचून घेणं, चौथ्यात कथेला हात लावायचा नाही. पाचव्या आठवड्यात ती मोठ्याने वाचा, वीसेक मिनिटं लागतील. जिथे श्वास अडकतो तिथलं वाक्य तोडा. आणि भाचीने पट्टी का बदलली हे समजावून सांगणारा शेवटचा परिच्छेद पूर्ण काढून टाका. मामा 'तू बस जरा' म्हणतो, भाची बसते, कौपिनेश्वराच्या देवळातली घंटा ऐकू येते, आणि मामा खिशाकडे हात नेतो. तिथेच थांबा.